शेतकी शिकायला निघालेला वर्धेकर

आमच्या इंदुरातल्या जुन्या मराठी घरांतून एक वस्तू हटकून आढळते. देवघराशेजारच्या खोलीत किंवा माळ्यावर एक पत्र्याची पेटी असते आणि तीत जमिनीचे कागद असतात. कोणाकडे होळकरांच्या वेळची सनद, कोणाकडे इनामाचा कागद, कोणाकडे नुसत्या बटाईच्या हिशेबाच्या वह्या. जमीन केव्हाच गेलेली असली तरी पेटी राहते. आमचे पूर्वज घोड्यावरून माळव्यात कसे आले ही हकिकत आपण मुलांना कौतुकाने सांगतो. पण त्या जमिनीत कोणते बी पेरले जाई, विहिरीला पाणी किती हात खोल होते, हे आपल्यापैकी क्वचितच कोणाला सांगता येईल. तलवारीचा अभिमान आपण बाळगला, लेखणीचा मान ठेवला, आणि नांगर तेवढा बटाईदाराच्या हाती दिला.

अशीच एक पेटी आमच्याही घरी आहे. १९६६ साली मी हायर सेकंडरी पास झालो आणि कोणालाही न विचारता शेतकी कॉलेजचा फॉर्म घेऊन आलो. हे कॉलेज १९५९ साली आपल्याच शहरात, जुन्या ‘प्लँट इन्स्टिट्यूट’च्या आवारात निघालेले होते. तीर्थरूपांनी फॉर्म उलटसुलट पाहिला. ते रागावले नाहीत. चार पिढ्या दफ्तरात गेलेल्या घरातल्या मुलाने ढेकळे फोडायला शिकण्यासाठी फी भरावी, याचे त्यांना हसू आले एवढेच. फॉर्म त्यांनी घडी करून त्या पेटीत ठेवला. मी कॉमर्सला गेलो, पुढे बँकेत चिकटलो आणि अडतीस वर्षे नोकरी करून सुखरूप निवृत्त झालो. त्यात तक्रार करावी असे काही नाही.

ही जुनी गोष्ट आज निघण्याचे कारण असे की यंदा आमची नात बारावी झाली, तिने पूर्वकृषी परीक्षा दिली, तीत तिला बरे गुण पडले, आणि आता तिला बी. एस्सी. ॲग्रीकल्चरलाच जायचे आहे. घरात तेव्हापासून कुजबूज चालू आहे. चिरंजीवांच्या मनात इंजिनिअरिंग आहे. सूनबाईंना मुलगी उन्हात करपेल याची काळजी. मी पहिले काही दिवस गप्प राहिलो. मग एका रात्री जेवणे झाल्यावर मी त्या सर्वांना एका माणसाची हकिकत सांगितली. तीच आज वाचकांपुढे ठेवीत आहे. गृहस्थ मराठी, राहणार वर्ध्याचे, नाव पांडुरंग सदाशिव खानखोजे. नाव पुष्कळांनी ऐकलेले असते, पण बहुधा गदर पक्षाच्या संदर्भात, सशस्त्र क्रांतिकारकांच्या यादीतले एक म्हणून. त्यांनी जन्मभर केलेला धंदा शेतकीच्या प्राध्यापकाचा होता, हे मात्र आपल्या ध्यानात राहत नाही.

खानखोज्यांचा जन्म १८८४ च्या नोव्हेंबरातला. सुरुवातीचे शिक्षण वर्ध्यास आणि पुढचे नागपुरास झाले. वर्धा म्हणजे कापसाचा मुलूख. तिथला कापूस गाड्या भरभरून हिंगणघाटच्या बाजारात जाई, तिथून मुंबईला आणि मुंबईहून विलायतेला. पिकवणारा मात्र कर्जात असे. हा मुलगा शाळेत असताना मध्यप्रांतावर लागोपाठ दोन मोठे दुष्काळ कोसळले, पहिला १८९६-९७ चा आणि दुसरा १८९९-१९०० चा. दुसऱ्याला आपल्या माळव्यात अजूनही छप्पनिया म्हणतात, कारण विक्रम संवत् १९५६ मध्ये तो पडला. ज्या माळव्यात दुष्काळ माहीत नव्हता त्या माळव्यानेही त्या साली माणसे मरताना पाहिली. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांदेखत हे घडले. परकी सत्ता उलथावी आणि पोटभर धान्य पिकावे, या दोन्ही इच्छा त्याच्या मनात एकाच सुमारास रुजल्या असाव्यात. पुढे त्याचे आयुष्य या दोन इच्छांच्या मागे असे काही धावले की जणू दोन माणसांचे आयुष्य एकाच्या वाट्याला आले.

लोकमान्य टिळकांचा प्रभाव त्या वेळच्या बहुतेक तरुणांवर होता, तसा खानखोज्यांवरही होता. परदेशी जाऊन लष्करी विद्या शिकावी या हेतूने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते देशाबाहेर पडले आणि जपानमार्गे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यास लागले. घरून पैसा येण्याची सोय नव्हती. मिळेल ती मजुरी करावी आणि शिकावे, असा क्रम सुरू झाला. सॅन राफेल येथील माउंट तमालपाइस लष्करी शाळेत त्यांनी शिक्षण घेतले. ती शाळा हा त्यांच्या प्रवासाचा हेतूच होता. पण बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात नाव घालताना त्यांनी विषय निवडला शेतकीचा. पुढे ऑरेगॉन राज्यातील कॉर्व्हॅलिसच्या शेतकी कॉलेजात आणि शेवटी वॉशिंग्टन राज्यातील पुलमन या गावी, तिथल्या स्टेट कॉलेजात, ते शिकले. पुलमनला १९१३ साली त्यांना एम. एस्. ही पदवी मिळाली.

या तिन्ही संस्थांविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण आमच्या हकिकतीचे मर्म तिथे आहे. १८६२ साली, अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेले असताना, अध्यक्ष लिंकन यांनी एका कायद्यावर सही केली. प्रत्येक राज्याला त्याच्या काँग्रेसमधल्या दर सभासदामागे तीस हजार एकर सरकारी जमीन द्यावी, तिच्या विक्रीच्या पैशातून राज्याने कॉलेज चालवावे, आणि त्या कॉलेजात इतर विद्यांबरोबर शेतकी व यंत्रविद्या शिकवावी, असा तो कायदा होता. ही जमीन मूळच्या आदिवासींकडून घेतलेली होती, हा त्या उदार कायद्यावरचा डाग आहे आणि तो झाकण्याचे कारण नाही. पण कायद्याचा परिणाम मोठा झाला. विद्यापीठ म्हणजे धर्मोपदेशक, वकील आणि धनिकपुत्र यांची जागा, ही समजूत मोडली. शेतकऱ्याचा आणि सुताराचा मुलगा थोड्या खर्चात पदवीधर होऊ लागला. १८८७ साली दुसरा कायदा झाला आणि या कॉलेजांना जोडून प्रयोगक्षेत्रे उभी राहिली. तिथे कोणते बी तग धरते, कोणत्या रोगाला कोणते वाण बळी पडते, याचे प्रयोग होत आणि त्यांचे निष्कर्ष पुस्तिका छापून शेतकऱ्यांस पाठवले जात. प्राध्यापक सकाळी वर्गात असे आणि दुपारी बांधावर. शिकणे आणि कसणे यांत अंतर ठेवायचे नाही, ही त्या संस्थांची शिस्त होती.

वर्ध्याहून गेलेल्या तरुणाला हे पाहून काय वाटले असेल याची कल्पना आपल्या घरांत वाढलेल्या माणसाला सहज करता येते. आपल्याकडे विद्या शिकायची ती शेतीतून सुटण्यासाठी. इथे विद्या शेतीत उतरत होती. पुलमनच्या आसपासचा प्रदेश लहानमोठ्या गोल टेकड्यांचा आहे. तो सारा गव्हाखाली असतो, आणि तो गहू पाटाच्या पाण्यावर नव्हे तर पावसाच्या ओलीवर निघतो. कोरडवाहू मुलुखातून आलेल्या विद्यार्थ्याला शिकण्याजोगे तिथे पुष्कळ होते.

पण त्याच वर्षांत दुसरी इच्छाही स्वस्थ बसली नव्हती. ऑरेगॉनमधल्या लाकडाच्या गिरण्यांत आणि कॅलिफोर्नियातल्या शेतांवर हजारो पंजाबी मजूर राबत होते. बहुतेक सगळे शेतकरीच, कित्येक जण पलटणीतून निवृत्त झालेले. तिथे गोऱ्यांकडून होणारा अपमान सोसताना त्यांच्या ध्यानात येत होते की ज्यांचा देश स्वतंत्र नाही त्यांची दाद कोणी घेत नाही. सोहनसिंग भकना, पंडित काशीराम, लाला हरदयाळ यांच्याबरोबर खानखोजे या लोकांत वावरू लागले. १९१३ साली या मंडळींची संघटना उभी राहिली आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरला सॅन फ्रान्सिस्कोहून तिचे ‘गदर’ हे पत्र निघाले. त्यावरून पक्षासही तेच नाव पडले. म्हणजे ज्या वर्षी खानखोज्यांना शेतकीची वरची पदवी मिळाली, त्याच वर्षी हा पक्ष जन्मास आला. एका हाती पदवी आणि दुसऱ्या हाती बंदूक अशी स्थिती झाली, आणि त्यांनी बंदूक धरली.

१९१४ साली महायुद्ध सुरू झाले. गदर पक्षाचे लोक जहाजांनी हिंदुस्थानात परतू लागले. त्यांत आपल्या तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे होते. लाहोरच्या तुरुंगात १६ नोव्हेंबर १९१५ रोजी करतारसिंग सराभा व इतर सहकाऱ्यांबरोबर ते फासावर गेले. पंडित काशीरामही त्याच वर्षी फाशी गेले. खानखोजे दुसऱ्या वाटेने निघाले. तुर्कस्तानातून इराणमार्गे हिंदुस्थानच्या सरहद्दीवर यावे असा बेत होता. बरोबर प्रमथनाथ दत्त आणि आगाशे हे होते. इराणात सूफी अंबाप्रसाद येऊन मिळाले. इराणातल्या टोळ्यांना हाताशी धरून त्यांनी इंग्रजांच्या फौजेशी झुंज दिली. खानखोजे जखमी झाले, पकडले गेले, निसटले आणि वेष पालटून डोंगरातल्या भटक्या जमातींत राहिले. सूफी अंबाप्रसादांचा अंत शिराझ येथे झाला. युद्ध संपले तेव्हा बेत फसलेला होता, जवळचे लोक फासावर गेले होते किंवा मातीत पडले होते, आणि मायदेशी परतण्याचा रस्ता बंद झाला होता. सरकारच्या दफ्तरी त्यांचे नाव काळ्या यादीत होते. तिथून ते बर्लिनला गेले. १९२१ साली वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय, भूपेंद्रनाथ दत्त आदी मंडळींबरोबर ते मॉस्कोसही जाऊन आले. त्यातूनही मदतीचे काही हाती लागले नाही.

चाळिशीला आलेला, घरदार नसलेला, देशात पाऊल ठेवण्याची सोय नसलेला हा मनुष्य. अशा स्थितीत पुष्कळ क्रांतिकारक परदेशातल्या शहरांत झुरून गेले. खानखोज्यांना तारले ते त्या तीन सरकारी कॉलेजांत शिकलेल्या विद्येने. १९२४ साली ते मेक्सिकोला गेले आणि चापिंगो येथील राष्ट्रीय शेतकी विद्यालयात शिकवू लागले.

मेक्सिकोची निवड अकारण नव्हती. त्या देशात १९१० साली क्रांती झाली होती आणि तिचे मूळ जमिनीत होते. मोठमोठ्या जहागिऱ्या, तिथे हासियेंदा म्हणतात, थोड्या घराण्यांच्या हाती होत्या आणि गावेच्या गावे त्यांवर वेठीसारखी राबत होती. एमिलियानो झापाता या शेतकरी पुढाऱ्याने जमीन कसणाऱ्यांस परत द्या म्हणून शस्त्र उचलले. क्रांतीनंतर जहागिऱ्या फोडून गावांना जमिनी देण्यास आरंभ झाला. पुढे १९३४ ते १९४० या काळात अध्यक्ष कार्देनास यांनी सुमारे एक कोटी ऐंशी लाख हेक्टर जमीन वाटली. चापिंगोचे विद्यालय ज्या वाड्यात भरे तो वाडाही अशाच एका हासियेंदाचा, पूर्वी एका माजी अध्यक्षाच्या मालकीचा होता. जहागीरदाराच्या वाड्यात शेतकऱ्यांची मुले शेती शिकत होती. त्या वाड्यातल्या प्रार्थनामंदिराच्या भिंती प्रसिद्ध चित्रकार दिएगो रिव्हेरा यांनी भूमीच्या चित्रांनी भरून टाकल्या.

जमीन मिळाली म्हणजे पीक मिळाले असे होत नाही. हातात जमीन आलेल्या कुळाजवळ चांगले बी नसते, माहिती नसते आणि सावकाराशिवाय भांडवल नसते. खानखोज्यांचे काम इथे सुरू झाले. मेक्सिकोचे मुख्य अन्न मका. मका हे पीकच मुळी त्या भूमीचे. तिथे तेओसिंते नावाचे एक रानगवत उगवते. त्याच्या कणसात कठीण कवचाचे पाच ते बारा दाणे असतात. हजारो वर्षांपूर्वी तिथल्या आदिवासींनी या गवतातून निवडत निवडत शेकडो दाण्यांचा मका घडवला, हे आता शास्त्राने पक्के केले आहे. खानखोज्यांच्या काळात यावर वाद होता. त्यांनी मका आणि हे रानगवत यांचा संकर करून काटक वाण मिळतो का ते पाहिले. फाटे फुटलेल्या, डाळिंबाचे नाव लाभलेल्या एका विलक्षण मक्यावर त्यांनी ग्रंथ लिहिला. गहू, कडधान्ये यांवरही त्यांचे प्रयोग चालत. अवर्षण आणि हिम या दोहोंना तोंड देईल असे पीक हवे, कारण गरिबाच्या शेतावर पाट नसतो आणि छप्पर नसते, हा त्यांच्या प्रयोगांचा रोख होता.

परंतु मला त्यांचे सर्वांत मोठे काम दुसरेच वाटते. चापिंगोत येऊन शिकणे ज्यांना परवडणार नाही त्यांच्यासाठी त्यांनी १९२० नंतरच्या दशकात खेड्यांतून मुक्त शेतकी शाळा काढल्या. फी नाही, परीक्षेचा बाऊ नाही. शेतकऱ्याने दिवसाचे काम उरकून यावे, बी निवडायला शिकावे, बांधावरच प्रयोग पाहावा आणि आपल्या शेतात करून बघावा. यांतल्या एका शाळेला झापाताचे नाव होते. तीना मोदोत्ती या इटालियन छायाचित्रकार बाईंनी त्या शाळांची आणि खानखोज्यांच्या कामाची छायाचित्रे घेतलेली आहेत. पुलमन आणि कॉर्व्हॅलिस इथे सरकारी जमिनीवर जे शिकायला मिळाले, ते त्यांनी एका परक्या देशाच्या शेतकऱ्यांना अशा रीतीने फुकट देऊन टाकले.

रिव्हेरा यांच्याशी त्यांचा स्नेह होता. मेक्सिको शहरात शिक्षणखात्याच्या इमारतीत रिव्हेरांचे १९२८ चे एक भित्तिचित्र आहे. मेजाभोवती निरनिराळ्या वर्णांची साधी माणसे बसली आहेत आणि मधोमध एक पुरुष भाकर मोडून वाटतो आहे. तो चेहरा खानखोज्यांचा म्हणून ओळखला जातो. एका वर्धेकराची प्रतिमा परमुलुखातल्या सरकारी भिंतीवर अन्न वाटणारा म्हणून राहावी, हा मान लहान नाही.

१९३६ साली त्यांनी झान सिंदिक या बेल्जियन बाईंशी विवाह केला. त्यांना सावित्री आणि माया अशा दोन मुली झाल्या. परक्या देशात जन्मलेल्या एका मुलीचे नाव सावित्री ठेवणारा बाप आपले घर विसरला नव्हता, हे सांगावयास नको. सावित्री साहनी यांनी पुढे वडिलांचे चरित्र इंग्रजीत लिहिले. मराठीत वीणा गवाणकर यांनी ते लिहिले आहे. जिज्ञासूंनी ती अवश्य पाहावीत.

इथे क्षणभर आपल्या गावाकडे वळतो. ज्या १९२४ साली खानखोजे चापिंगोला रुजू झाले, त्याच साली आपल्या इंदुरात अल्बर्ट हॉवर्ड यांनी प्लँट इन्स्टिट्यूट उभारली. होळकर दरबाराने त्यासाठी तीनशे एकर जमीन दिली. शेतातला काडीकचरा, शेण, माती आणि राख यांचे थर रचून, ओल व हवा राखून, काही महिन्यांत उत्तम खत करण्याची रीत हॉवर्डसाहेबांनी इथे बसवली आणि ती इंदूर-पद्धती या नावाने जगभर गेली. माळव्यातल्या शेतकऱ्याकडून आपण शिकलो असे मानणारा तो दुर्मिळ साहेब होता. १९३५ साली महात्मा गांधी इंदुरास आले तेव्हा त्यांनीही हे खत पाहिले. जगाला आपल्या शहराचे नाव शेतीमुळे माहीत झाले, आणि आपण मात्र ते राजवाडा आणि सराफा यांच्यापलीकडे कधी सांगितले नाही. त्या वर्षी एक इंग्रज आमच्या गावी शेतकरी होऊन बसला होता, आणि आमच्या भाषेचा एक शेतकीतज्ज्ञ आपल्या गावी येऊ शकत नव्हता म्हणून पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला मका लावीत होता. पारतंत्र्य म्हणजे काय हे मुलांना समजावून सांगायचे असल्यास मी आता हेच सांगतो.

देश स्वतंत्र झाल्यावर १९४९ साली त्या वेळच्या मध्यप्रांत सरकारच्या बोलावण्यावरून, शेतीच्या धोरणावर सल्ला देण्यासाठी, खानखोजे मायदेशी आले. चाळीसहून अधिक वर्षांनी मुंबईला पाय ठेवला तो विमानतळावरच त्यांना अडवून ठेवण्यात आले. इंग्रजांच्या वेळची काळी यादी अजून टेबलावर होती आणि तीत त्यांचे नाव होते. राज्य बदलले होते, यादी बदलायची राहिली होती. घोटाळा निस्तरला आणि ते नागपुरास गेले. पुढे १९५५ साली ते कुटुंबासह कायमचे नागपुरास येऊन राहिले. तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. मेक्सिकोत ज्या वयात त्यांनी रानोमाळ हिंडून शाळा काढल्या ते वय हातून गेले होते. विदर्भाला जे मिळायला हवे होते ते मेक्सिकोच्या खेड्यांना मिळून गेले. यात मेक्सिकोचे काही चुकले नाही. हिशेब आपल्या बाजूने तोट्याचा झाला एवढेच. १९६७ च्या जानेवारीत नागपुरास त्यांचा देहान्त झाला. विदर्भाचे स्वतःचे कृषी विद्यापीठ अकोल्यास निघाले ते १९६९ साली.

आता एक गोष्ट सांगून संपवतो. ती मला अलीकडेच जुळवता आली. गहू तांबेऱ्याने जातो आणि खत जास्त दिले तर उंच वाढून लोळतो, ही जुनी अडचण. जपानात नोरिन १० नावाचा एक बुटका गहू होता. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ साली, त्याचे बी अमेरिकेत नेण्यात आले. ऑरव्हिल व्होगेल यांनी त्याचा संकर केला तो पुलमन येथे, जिथे खानखोजे शिकले त्याच कॉलेजात. तिथून ते बी १९५० नंतर मेक्सिकोत नॉर्मन बोरलॉग यांच्या हाती गेले. बोरलॉग तिथे १९४४ पासून काम करीत होते. त्यातून सोनोरा ६४, लर्मा रोहो ६४ असे बुटके, भरघोस वाण निघाले, आणि १९६६ साली हिंदुस्थान सरकारने मेक्सिकोतून अठरा हजार टन बी आणवले. हे वाण खानखोज्यांचे नव्हेत, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. श्रेय ज्याचे त्यालाच द्यावे. पण वाट पाहा. जपान, पुलमन, मेक्सिको आणि मग हिंदुस्थान. वर्ध्याच्या त्या तरुणाने जी वाट पायी, बोटीने आणि मजुरी करीत तुडवली, तीच वाट चाळीस-पन्नास वर्षांनी त्या बियाण्याने धरली. १९६७ च्या जानेवारीत नागपुरास त्यांचे डोळे मिटले तेव्हा त्या बियाण्याचा पहिला मोठा पेरा उत्तरेकडच्या शेतांत उभा होता. कापणीला अजून दोन-तीन महिने होते.

मी त्या जानेवारीत कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला होतो. खानखोजे गेल्याचे मला कोणी सांगितले नाही, आणि सांगितले असते तरी मला त्याचे काही वाटले नसते. देवासच्या रस्त्याने जाताना दोहों बाजूंस गहू असे. तो उंच होता की बुटका, हेदेखील मी कधी पाहिले नाही.

आमच्या गावचे शेतकी कॉलेज १९६४ पासून जबलपूरच्या कृषी विद्यापीठाचे झाले आणि २००८ पासून ते ग्वाल्हेरच्या कृषी विद्यापीठाकडे आहे. पंतनगर येथे १९६० साली निघालेले आपल्या देशातले पहिले कृषी विद्यापीठ आणि नंतरचे जबलपूरचे, ही दोन्ही अमेरिकेतल्या त्या सरकारी कॉलेजांच्या धर्तीवर, इलिनॉय विद्यापीठाच्या साहाय्याने उभारली गेली. म्हणजे १८६२ साली लिंकनने ज्या कागदावर सही केली, ज्याच्या आधारावर वर्ध्याचा निर्धन मुलगा पदवीधर झाला, त्याच कल्पनेचे दार आमच्या घरापासून रिक्षाने वीस मिनिटांवर उघडे आहे. चापिंगोचे विद्यालय आता मोठे विद्यापीठ आहे आणि २०२२ साली तिथे खानखोज्यांचा पुतळा उभारून आपल्या लोकसभेच्या अध्यक्षांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले.

हकिकत संपली तेव्हा चिरंजीव बराच वेळ बोलले नाहीत. सूनबाईंनी एवढेच विचारले की मुलींसाठी तिथे वसतिगृह आहे काय, आणि मग आपले घर गावातच आहे हे आठवून त्या स्वतःच हसल्या. मी उठून पेटी उघडली. बटाईच्या वह्यांखाली माझा १९६६ चा फॉर्म होता. कागद पिवळा पडला आहे आणि घडीवर फाटला आहे, पण नाव वाचता येते. नातीने तो हातात घेऊन वाचला, पुन्हा घडी करून जागच्या जागी ठेवला, आणि गुणपत्रक व दाखला कोणत्या खणात आहेत ते मला विचारले.

पुढच्या आठवड्यात तिचे समुपदेशन आहे. कागदपत्रे घेऊन मी बरोबर जाणार आहे.